अ‍ॅल्युमिनिअमची साल

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गाळ्यावर एक तरी अशी गाडी येतेच, जिच्यावर मालकानं आधी स्वतःच प्रयोग करून पाहिलेला असतो. भोसरीत बफिंगचं, म्हणजे कापडी चाकानं धातू चमकवायचं, काम करतोय त्याला सतरा वर्षं झाली. रोजची भाकरी स्टेनलेसवर निघते, पण खंडेनवमी जवळ आली की ट्रकवाले अ‍ॅल्युमिनिअम घेऊन उभे राहतात.

यंदाचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं धूड, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरातून आला होता. चाकण ते न्हावाशेवा कंटेनरची फेरी. डिझेलची टाकी अ‍ॅल्युमिनिअमची, आणि तिच्यावर वरून खाली पांढुरके ओघळ, कुणी ताकाचं पातेलं लवंडल्यासारखे.

"काय लावलं होतं, मामा?"

"संडास धुवायचं अ‍ॅसिड. फरशी कशी लख्ख होते त्यानं! टाकीवर ओतलं तर फसफसून फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय."

मळ नव्हता निघत. टाकी निघत होती. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते अ‍ॅल्युमिनिअम विरघळवतं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. मामांनी पाहिला तो फेस त्याचाच.

मामा चहा पीत बाकड्यावर बसले आणि पुढचा तासभर मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारण ही चूक एकट्या मामांची नाही. अ‍ॅल्युमिनिअम साफ करणं आणि अ‍ॅल्युमिनिअम चमकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक नुकसान त्या दोन्हींची गल्लत केल्यामुळे होतं.

अ‍ॅल्युमिनिअम उघडं कधी नसतंच. कापा, घासा, ओरखडा काढा. उघड्या पडलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन तत्क्षणी भिडतो आणि त्याच्यावर अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडची साल धरते. जाडी साधारण २ ते ४ नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा वीसेक हजार साली मावतील. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि खालचं नवं लोखंड पुन्हा हवेला उघडं करतो. ही साल तसं करत नाही. ती घट्ट बसते आणि खालच्या धातूला झाकून ठेवते. म्हणून अ‍ॅल्युमिनिअमची शिडी वीस वर्षं गच्चीत पावसात पडली तरी शिडीच राहते.

आणि साल म्हणून तिला नाजूक समजू नका. कठीणपणा मोजायच्या मोह मापावर अ‍ॅल्युमिनिअम ३च्याही खाली येतं, पण हेच ऑक्साइड स्फटिकरूपात ९वर असतं. माणिक आणि नीलम म्हणजे मुळात हेच. बऱ्याच पॉलिश पेपरवरची करकरीत रेती आणि आम्ही शेवटच्या हाताला वापरतो त्या पांढऱ्या वडीतली भुकटीसुद्धा हीच. थोडक्यात, अ‍ॅल्युमिनिअम आम्ही त्याच्याच सालीनं घासतो.

या सालीची खोड एकच. तिला फार आंबट सोसत नाही, फार खारंही सोसत नाही; खारं म्हणजे इथे मिठाचं नव्हे, सोड्यासारखं. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचं माप, साधारण ४ ते ८.५च्या दरम्यान असेल तर ती टिकते. त्याच्या खाली गेलात किंवा वर गेलात, तर ती विरघळते आणि धातू उघडा पडतो.

हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्याला अजून 'जर्मनचं भांडं' म्हणतात. आमच्या आईकडे पाणी तापवायचं एक जर्मनचं पातेलं होतं. बोअरचं क्षाराचं पाणी रोज उकळून ते आतून काळपट पडायचं, अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत. वरचा काठ मात्र पांढराच. महिन्यातून एकदा ती त्यात पिळलेल्या लिंबांच्या साली किंवा चिंचेचा चोथा टाकून पाणी उकळायची. पातेलं आतून पुन्हा पांढरं! खाऱ्या पाण्यानं जाड आणि काळी झालेली साल आंबटानं उतरवली, की लगेच नवी पातळ साल धरली. आईनं पीएच हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण उपाय बरोबर होता. सौम्य आंबट, थोडा वेळ, आणि नंतर भरपूर पाणी. त्याच पातेल्यात एकदा धाकट्या भावानं कपड्याचा सोडा उकळला, तेव्हा त्यानं आईचा मारही खाल्ला आणि पातेलं कायमचं खरबरीत झालं.

पण एक गोष्ट तेव्हाही दिसायची. चिंचेनं पातेलं पांढरं व्हायचं. त्यात तोंड कधी दिसायचं नाही.

का, ते समजायला पहाटे खडकवासल्याला जा. वारा नसेल तर पाण्यात समोरचा डोंगर जसाच्या तसा उलटा दिसतो. थोडा वारा सुटला की डोंगर मोडतो आणि उरतो नुसता चकचकाट. पाणी तेच, ऊनही तेच, फरक फक्त लाटांचा. धातूचंही असंच आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर आलेला उजेड एकाच दिशेनं परत जातो आणि आपल्याला प्रतिमा दिसते. बारीक डोंगरदऱ्या असतील तर तो चहूकडे विखुरतो आणि धातू पांढुरका, निस्तेज दिसतो. किती बारीक डोंगरदऱ्या? आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. खडबडीतपणा याच्या पुष्कळ खाली गेला की आरसा तयार होतो.

अ‍ॅसिड धातूला सारखं खात नाही. कुठे जास्त खातं, कुठे कमी. म्हणजे ते मळ काढताना नव्या डोंगरदऱ्या खोदतं. म्हणून अ‍ॅसिडनं धुतलेली टाकी स्वच्छ असते, पण चुन्यासारखी पांढरट दिसते. चकाकी हवी तर दुसरा मार्ग नाही. उंचवटे कापून सपाट करावे लागतात. कुठल्याही बाटलीत ते मिळत नाही, बाटलीवर कितीही चकाकणारं चाक छापलेलं असो.

मेहनत सत्कारणी लागते, हेही खरं. नीट पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनिअम दिसणाऱ्या उजेडापैकी जवळपास ९० टक्के परत पाठवतं. स्टेनलेस ६० टक्क्यांच्या आसपास अडकतं. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा मोठ्या दुर्बिणींच्या काचेच्या आरशावर सहसा मुलामा असतो तो अ‍ॅल्युमिनिअमचाच.

आता बाजारातल्या 'ब्राइटनर'बद्दल, आणि हे जरा कडक शब्दांत. धुलाई केंद्रांवर ट्रकच्या टाक्यांवर नि चाकांवर एक पातळ द्रव फवारतात. क्षणात काळेपणा जातो. यातल्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. डब्यावर यातलं कुठलंही नाव दिसलं तर तो डबा आमच्या गाळ्यात येत नाही. हे अ‍ॅसिड पातळ असताना कातडीला लागलं तर लगेच काही वाटतही नाही. वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधायला लागलेलं असतं. मोठ्या भागाला लागलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात. लागलंच तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवायचं, जेल असेल तर चोळायची आणि डबा सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठायचं, दुखत नसलं तरीही. हाफ पँट आणि स्लीपर घालून हे फवारणारी पोरं मी हायवेला रोज बघतो.

क्षाराचे डाग आणि हलका काळेपणा काढायला सायट्रिक किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण पुरतं. हातमोजे आणि चष्मा त्यालाही लागतो. टाकी सावलीत आणि गार असायला हवी. तापलेल्या पत्र्यावर द्रव वाळतो आणि डाग बसतो. आधी पत्रा पाण्यानं ओला करायचा, मग द्रव खालून वर लावत जायचं. वरून लावलं तर कोरड्या भागावर ओघळ उतरतात आणि ते ओघळ मामांच्या टाकीसारखे कायमचे उमटतात. दोनचार मिनिटांत धुऊन काढायचं. डांबराचे ठिपके असतील तर त्याआधी रॉकेल किंवा डिझेलचं फडकं, मग साबण. तारेची घासणी अजिबात नाही. तिचे लोखंडी कण मऊ अ‍ॅल्युमिनिअममध्ये रुततात, पुढच्या पावसात तिथे तांबूस ठिपके येतात आणि ठिपक्याखाली खड्डा पडतो.

आणि सिमेंट. पुण्यात सध्या जिकडे बघावं तिकडे बांधकाम; मिक्सरच्या मागे चाललात तर शिंतोडे उडतातच. सिमेंटचं पाणी चांगलंच खारं असतं. ते वाळून घट्ट होईपर्यंत थांबलात तर खाली डाग खोदलेला मिळेल. दिसल्या दिवशी धुवा.

घासायला बसण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. समोर आहे ते नक्की काय?

अ‍ॅल्युमिनिअम चार वेशांत येतं. एक नुसतं, म्हणजे आपल्या नैसर्गिक सालीखेरीज वर काही नसलेलं; त्यालाच आम्ही उघडं म्हणतो. ट्रकची टाकी आणि चेकर प्लेटची पायरी बहुधा अशी असते. दुसरं अ‍ॅनोडाइज केलेलं. यात विजेच्या साह्यानं तीच साल मुद्दाम जाड वाढवतात, साधारण ५ ते २५ मायक्रॉन, म्हणजे नैसर्गिक सालीच्या हजारो पट. घराच्या बऱ्याच सरकत्या खिडक्या अशाच. तिसरं, वर पारदर्शक लॅकर मारलेलं. कारची बहुतेक अलॉय व्हील्स या जातीची. चौथं क्रोम केलेलं, जे दिसायला सगळ्यात फसवं. पॉलिश फक्त पहिल्याला. बाकीच्यांना साबणपाणी.

ओळखायची युक्ती सोपी आहे. आडबाजूच्या एका बोटभर जागेवर पांढऱ्या फडक्यानं थोडं मेटल पॉलिश चोळा. फडकं काळं झालं तर उघडं अ‍ॅल्युमिनिअम. स्वच्छ राहिलं तर वर काहीतरी आहे, हात आवरा. इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं: दोन्ही टोकं हलकेच टेकवा. उघडा धातू बीप देतो. अ‍ॅनोडाइज आणि लॅकर गप्प राहतात, कारण ते जाड थर वीज नेत नाहीत. क्रोम मात्र बीपही देतं, त्यामुळे तिथे फडक्यावर विश्वास ठेवा.

हे मला शहाणपणानं नाही, नुकसानानं कळलं. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका हौशी माणसानं शिडाच्या होडीची डोलकाठी आणून दिली. राखाडी, मळकट दिसत होती. मी ती दोन दिवस राबून आरशासारखी केली. तो खूश, मी त्याहून खूश. पुढच्या उन्हाळ्यात तो होडी घेऊन मुरुडला गेला आणि परत आला तेव्हा डोलकाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. ती राखाडी म्हणजे अ‍ॅनोडाइज होतं. समुद्राच्या मिठापासून काठीला वाचवणारं एकमेव चिलखत मी पैसे घेऊन सोलून काढलं होतं. पैसे परत केले. काठी काही परत करता आली नाही.

समजा, धातू उघडाच आहे. मग वॉटर पेपर, म्हणजे ओले करून घासायचे पॉलिश पेपर, काढायचे. इथे नवशिके हमखास घाई करतात, म्हणून इथेच जरा रेंगाळतो.

पेपरचा नंबर जितका मोठा तितकी रेती बारीक. ४००च्या पेपरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, २०००च्या पेपरचा १० मायक्रॉनचा. प्रत्येक पेपर ओरखडेच पाडतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. ६००च्या पेपरचं काम टाकी चमकवणं नसतं. ४००नं पाडलेले ओरखडे पुसून त्या जागी स्वतःचे, जरा उथळ, ओरखडे ठेवणं एवढंच असतं. मग ८०० येतो आणि ६००चे पुसतो. असा जिना उतरत १०००, १५००, २००० पर्यंत जायचं. ज्यानं मधल्या पायऱ्या गाळल्या आणि ४००वरून एकदम १५००वर उडी मारली, त्याला शेवटी आरशात उभ्या रेघा दिसतात. दुकानात न दिसलेल्या त्या रेघा उन्हात गाडी उभी केली की लख्ख दिसतात. १५००चा पेपर ४००च्या दरीच्या तळापर्यंत पोचतच नाही, कितीही घासा.

दिशेची युक्ती मला आमच्या जुन्या कारागिरानं शिकवली. एक पेपर आडवा मारला तर पुढचा उभा मारायचा. उभ्या रेघांत एकही आडवी रेघ दिसेनाशी झाली की तो पेपर संपला, पुढचा घ्या. गोल गोल घासणाऱ्याला कधी थांबायचं तेच कळत नाही. पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून मारायचा, कारण अ‍ॅल्युमिनिअम मऊ आहे; कोरडं घासलं की धातूच पेपरात भरतो आणि गोळे होऊन पत्र्यावर खोल चरे पाडतो. प्रत्येक नंबरला नवं पाणी. आधीच्या पेपरचा एक कण बादलीत राहिला तर तो शेवटच्या हातात गोत्यात आणतो. आणि सुरुवात नेहमी चालेल तेवढ्या बारीक पेपरनं करून पाहायची. नुसता मंदपणा असेल तर १५०० पुरतो. खोल ओरखडा किंवा खड्डा असेल तरच ४००ला हात लावायचा. टाकीचा पत्रा शेवटी काही मिलीमीटरचाच असतो, आणि घासलेलं परत येत नाही.

त्यानंतर बफ. कापडी चाक आणि पॉलिशची वडी. आधी कापणारी तपकिरी वडी, मग चमकवणारी पांढरी. प्रत्येक वडीचा बफ वेगळा. लोखंडावर वापरलेला बफ अ‍ॅल्युमिनिअमला लावायचा नाही, कारण तेच लोखंडी कणांचं दुखणं. चार इंची ग्राइंडरला बफ लावून काम उरकणारे पुष्कळ भेटतात. तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्या वेगात पत्रा तापतो, वडी जळते आणि मोठा बफ फाटून अंगावर येऊ शकतो. पॉलिशर मशीन वेग कमी करता येईल असंच हवं, आठ इंची बफ ३,०००च्या पुढे नेऊ नये. कडेशी चाक नेहमी कडेवरून बाहेर निघेल असं धरायचं. कडेत घुसलं की मशीन हातातून हिसकावलं जातं. मनगटाला चार टाके पडल्यावर ही गोष्ट कोणी विसरत नाही.

बफ मारताना पत्र्यावर काळंकुट्ट रबरबीत काहीतरी जमतं. प्रत्येक गिऱ्हाईक इथे एकच वाक्य म्हणतं: "बघा, अजून किती घाण निघतेय!" मामाही म्हणाले. ती घाण नाही. कापला गेलेला अ‍ॅल्युमिनिअमचा बारीक चुरा, त्याचं ऑक्साइड आणि वडीतलं मेण एकत्र आलं की ते काळंच दिसतं, कारण इतक्या बारीक कणांच्या गर्दीत उजेड शिरतो आणि परत बाहेर येत नाही. टाकी कितीही स्वच्छ असली तरी फडकं काळंच होणार. 'काळं येणं थांबेपर्यंत घासायचं' ठरवलंत तर टाकी संपेल, काळं संपणार नाही. शेवटी ते तेलकट काळं उचलायला आम्ही मैदा भुरभुरतो आणि मऊ सुती कापडानं पुसतो. मैदा तेल पितो आणि ओरखडा पाडत नाही. रांगोळी नको. एका पोरानं मैदा संपला म्हणून ती वापरली होती. रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा, पुन्हा ८००पासून सुरुवात करावी लागली.

चुऱ्याबद्दल एक इशारा. अ‍ॅल्युमिनिअमची भुकटी जळते, आणि नुसती जळत नाही, भडकते. दिवाळीच्या फुलबाजीतल्या पांढऱ्या ठिणग्या तिच्याच. त्यामुळे अ‍ॅल्युमिनिअमच्या बफिंगची धूळ आणि लोखंडाच्या ग्राइंडिंगच्या ठिणग्या एका कोपऱ्यात नकोत, आणि ओला चुरा झाकणबंद डब्यात कोंबायचा नाही, पाण्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन साठतो. टाकी गाडीवरून उतरवून, रिकामी करून, झाकण पक्कं बंद करूनच आम्ही मशीन लावतो.

टाकीला आरसा येतो तसा चाकाला येईलच असं नाही, हेही आधीच सांगून टाकावं लागतं. ठोकून बनवलेलं फोर्ज्ड चाक ६०६१सारख्या मिश्रधातूचं असतं, ते सुंदर चमकतं. ओतीव चाकात ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. सिलिकॉनचे कण कठीण आणि करडे, त्यामुळे चमक येते ती जरा सावळी. कारागिराला दोष देऊ नका.

होड्यांचं गणित वेगळं. पुण्यात समुद्र नाही, पण होड्या आहेत: मुळेच्या काठी सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब, खडकवासल्याच्या पाण्यात शिडाच्या होड्या, पानशेतला पर्यटकांच्या. शर्यतीच्या बोटीचं अंग हल्ली कार्बन फायबरचं, पण वल्हं टेकवायला बाहेर आलेले हात, रिगर म्हणतात त्यांना, बहुधा अ‍ॅल्युमिनिअमचे. पत्र्याच्या होड्यांना ५०८३ किंवा ५०५२ हे मॅग्नेशियम घातलेले मिश्रधातू वापरतात, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकतात.

अशा होडीच्या अंगाला आरसा करू नये, हे माझं स्पष्ट मत. ट्रकची चकाकी हौस आहे आणि हौसेला मोल नसतं. पाण्यातल्या होडीला मात्र तिची मंद करडी साल हीच खरी राखण; जगभर पुष्कळ कामाच्या अ‍ॅल्युमिनिअम होड्या पाण्यावरच्या भागात रंगसुद्धा न लावता तशाच फिरतात. तिला धुवा, शेवाळाची रेघ नायलॉनच्या ब्रशनं काढा, सौम्य आंबटानं क्षार उतरवा, पुरे. त्यापेक्षा नजर टाकायची ती स्टेनलेसच्या बोल्टाभोवती. तिथे पांढरी भुकटी फुलली असेल तर दोन धातूंची बॅटरी सुरू झालेली आहे: वेगळ्या जातीचे दोन धातू, मध्ये पाणी, आणि या जोडीत झिजणारा नेहमी अ‍ॅल्युमिनिअम. बोल्ट काढून खाली नायलॉनचा वायसर घाला. तांबं असलेला शेवाळरोधक रंग अ‍ॅल्युमिनिअमच्या तळाला कधी लावू नका, तीच बॅटरी, पण सबंध तळभर. पावसाळ्यात होडी ओल्या लाकडावर किंवा भिजक्या ताडपत्रीखाली चार महिने ठेवलीत तर जिथे ओल कोंडली तिथेच खड्डे मिळतील. सालीला दुरुस्त व्हायला हवा लागते, आणि कोंडलेल्या ओलीत ती मिळत नाही.

तिकडे मामांची टाकी चौथ्या दिवशी झाली. ओघळ गेले, दोन खोल ठिपके राहिले, ते काढायला गेलो असतो तर पत्रा पातळ झाला असता. मामांनी लॅकर मारून द्यायचा हट्ट धरला, "म्हंजी परत घासायचं कामच नको." मी नाही म्हटलं. आरशासारख्या गुळगुळीत पत्र्यावर लॅकर नीट धरत नाही. एक टवका उडाला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली गांडुळासारख्या रेघा पसरत जातात. मग आधी लॅकर खरवडा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा मेणाचा किंवा सीलंटचा हात बरा. न्हावाशेव्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर उतरतो, पण चार फेऱ्यांनंतर साध्या शाम्पूनं धुऊन पुन्हा लावायला अर्धा तास पुरतो.

खंडेनवमीला मामा गाडी घेऊन गाळ्यावरच आले, पेढे द्यायला. बोनेटला झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची. उजव्या बाजूच्या टाकीला हात लावला नव्हता; "ती कोण बघतंय, डिव्हायडरच्या बाजूला असती." डावीत मात्र समोरचा वडापावचा गाडा, पाटीसकट, उलटा वाचता येत होता. मामांनी हळदीकुंकवात बोट बुडवलं आणि त्या आरशाच्या मधोमध भलं मोठं स्वस्तिक काढलं. आमच्या पोरानं सवयीनं फडकं उचललं. मी त्याचा हात धरला.